सहावा रकाना

साहेबांचा आदेश एका ओळीचा होता :
यादीतून मयत काढा, चारच्या आत.

मीही एका ओळीतच काढले.
सेड, उणे आय, दोन तिरप्या रेघांमध्ये मयत,
शेवटी डी. एंटर.
काम झाल्यावर टर्मिनल काही बोलत नाही,
कर्सर नुसता खालच्या ओळीत येऊन उभा राहतो
चपराशासारखा, पुढचा कागद मागत.

गोळीबार चौकातली विणकर सोसायटीची खोली,
मे महिना, वाळ्याच्या ताटीतून कूलर
ओली वाफ फेकतोय,
आणि अकरा हजार चारशे बारा ओळींची फाइल
पापणी लवायच्या आत
नऊ हजार सहाशे तीस झाली.
मोजल्या मी. वाटलं, बरेच गेले या वर्षी.
एवढंच वाटलं. मग चहा मागवला.

मागच्या महिन्यातही असंच झालेलं.
'काम' नको, 'कार्य' लिहा म्हणाले, शुद्ध दिसतं.
शब्दाला दोन्ही बाजूंनी कुंपण घालायचं राहिलं
आणि कामठीची झाली कार्यठी,
कामगारांचे कार्यगार.
दोन दिवस सगळे हसले.
हसण्यावारी गेलं, म्हणून मी काही शिकलो नाही.

धृपदाबाई निनावे सोमवारी आल्या.
खिडकीच्या जाळीत बोटं अडकवून म्हणाल्या,
"माहं नाव काहून नाही जी यादीत?"
ग्रेप मारला. निनावे एकोणीस निघाले,
त्यांत धृपदा नव्हती.
"मयत दाखवतंय का बघतो," म्हणालो.
"नवरा मेला माहा. म्या नाही."

जुना छापील कागद त्यांच्याच पिशवीत होता,
चार घड्यांचा. त्यावर त्यांची ओळ :
वारस, मयत गणपत निनावे यांची पत्नी.

सेडने ओळीत तो शब्द पाहिला, ओळ उचलली.
मेलेल्याच्या शेजारी बसलेली बाई
मेलेल्याबरोबर नेली.

उणे आयला चिकटवून डॉट-बॅक लिहिलं असतं
तर जुनी फाइल शेजारीच झोपलेली सापडली असती.
लिहिलं नव्हतं.
व्हीआयमध्ये निदान यू दाबून मागे येता येतं,
इथे परतीची वाट नाही.

पलीकडच्या टेबलावरून चित्रा उईकेने
ड्रॉवर उघडला, पेन-ड्राइव्ह काढला.
एप्रिलची प्रत. मला न विचारता ठेवलेली.
म्हणाली, "मयत काय, ओळीत कुठंही असतो.
सहाव्या रकान्यात असला तरच माणूस गेलेला."
आणि ऑकची एक ओळ लिहून दिली
लाइटबिलाच्या पाठीवर.

खरे मयत सहाशे अकरा.
उरलेले अकराशे एकाहत्तर
डिफने एकामागून एक परत दाखवले,
प्रत्येक ओळीपुढे डावीकडे टोक असलेला बाण :
कौतिका पौनीकर, सोनुबाई हेडाऊ, बेबीनंदा निमजे,
थांबेनात. बहुतेक बायाच.

धृपदाबाईंना आत बोलावून स्क्रीन दाखवला.
"हे बघा, आल्या तुम्ही."
त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं, काचेला न लावता.
"याच्यातला मयत निंगत नाही का?"
मी म्हटलं, त्याच्याशिवाय वारस कसं लिहिणार.
"चाळीस वर्सं कांड्या म्या भरल्या जी.
त्याचा रकाना हाय का?"

नव्हता.

चित्रा माझ्याकडे बघत नव्हती.
मी आधी प्रत काढली, डॉट-बॅक.
मग व्हीआय उघडलं. स्लॅश, निनावे.
एन. एन. एन. एन.
एकेका निनावेवर थांबत कर्सर
त्यांच्यापर्यंत पोचला.
शेऱ्याचा रकाना सगळ्यांत शेवटी असतो,
कुठलाच प्रोग्रॅम तो वाचत नाही.
तिथे लिहिलं : स्वतः कांड्या भरल्या, चाळीस वर्षे.
कोलन, डब्ल्यू, क्यू.

जाताना दारात थांबून म्हणाल्या,
"कूलरचं पानी बदला जी,
वास येऊन रायला."